संगणकाच्या आकाशातील ‘एच.टी.-२’ : साधनांच्या कसोटीवर एक विमान

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, शिलालेख आणि लेणी यांचे स्मरण होते. कराडच्या विद्यार्थ्याला आगाशिवच्या डोंगरातील लेणी परिचयाची असतात. त्यांची मापे घेणे, नोंदी करणे, एका लेण्याची दुसऱ्याशी तुलना करणे हा इतिहासाभ्यासाचा पाया होय. परंतु विसाव्या शतकाचा इतिहास दगडाइतकाच यंत्रांतही साठलेला आहे, आणि यंत्र हेही लेण्याप्रमाणेच वाचावे लागते. जुन्या विमानाची संगणकावर बारकाव्यांसह प्रतिकृती उभारणे हा असे वाचन शिकण्याचा एक उत्तम मार्ग आहे. आपल्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हा अभ्यास सहज करता येईल. तो कसा करावा आणि त्यातून काय साधते, हे या लेखात पाहू.

फ्लाइट सिम्युलेटर म्हणजे संगणकावर विमान उडविण्याचा अनुभव देणारी प्रणाली. वैमानिकांच्या प्रशिक्षणात तिचा वापर होतो आणि घरच्या संगणकावरही ती चालते. ‘फ्लाइटगिअर’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. आकार घडविण्यासाठी लागणारे ‘ब्लेंडर’ हेही विनामूल्य आहे. म्हणजे येथे पैशापेक्षा चिकाटीचे भांडवल अधिक लागते.

विमानाची निवड

प्रतिकृतीसाठी मी ‘एच.टी.-२’ हे विमान सुचवितो. याचे मुख्य अभिकल्पक डॉ. विष्णू माधव घाटगे हे आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचे. त्यांचा जन्म १९०८ सालचा. मुंबईतील शिक्षणानंतर ते जर्मनीत गटिंगेन येथे गेले आणि वायुगतिकीचे थोर शास्त्रज्ञ लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. घाटगे तेथे गेले आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्या शिकविण्यातही त्यांनी आरंभापासून भाग घेतला.

त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘एच.टी.-२’ ऑगस्ट १९५१ मध्ये आकाशात गेले. शिक्षक आणि विद्यार्थी एकामागे एक बसतील असे हे धातूचे, दोन आसनी प्रशिक्षण विमान. अशी सुमारे १७० विमाने तयार झाली. भारतीय हवाई दलाच्या अनेक तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरविले. बारा विमाने घाना देशालाही गेली. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांच्या आत आपल्या देशात आखलेले विमान उडाले, ही साधी गोष्ट नव्हे.

कोणते साल, कोणते विमान ?

प्रतिकृती करणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न इतिहासकाराचाच असतो : नेमके कोणत्या सालचे विमान ? पहिल्या नमुन्याला १४५ अश्वशक्तीचे ‘जिप्सी मेजर’ इंजिन होते. नंतरच्या विमानांना १५५ अश्वशक्तीचे ‘सिरस मेजर’ बसविले गेले. एकाचे छायाचित्र आणि दुसऱ्याचे आकडे एकत्र केले, तर कधीच अस्तित्वात नसलेले तिसरेच विमान तयार होईल. दोन शतकांचे शिलालेख एकाच राजाच्या नावे लावण्यासारखीच ही चूक आहे.

म्हणून प्रथम वही घालावी. तिच्यात चार रकाने असावेत : भाग, माप, साधन आणि खात्री. कारखान्याचे आराखडे व वैमानिकाची पुस्तिका ही प्राथमिक साधने. संग्रहालयातील विमान हेही प्राथमिक साधन आहे. पण त्यावर नंतर रंग चढलेला असतो, भाग बदललेले असतात. छायाचित्र जवळून घेतले असेल तर पुढचा भाग प्रमाणाबाहेर मोठा दिसतो. प्रत्येक साधनाला त्याची मर्यादा विचारल्याशिवाय त्याचा आकडा वहीत घेऊ नये.

आराखड्याची परीक्षा तर चौथीच्या गणिताने होते. ‘एच.टी.-२’च्या पंखांचा एकूण विस्तार १०.७२ मीटर आणि लांबी ७.५३ मीटर. विस्ताराला लांबीने भागल्यास सुमारे १.४२ येतात. हाती आलेल्या आराखड्यावर पट्टी ठेवून हेच गुणोत्तर काढावे. ते १.३ किंवा १.५ आले, तर छपाईत चित्र ताणले गेले आहे असे समजावे.

आकार

संगणकातील प्रतिकृती लहान लहान सपाट पृष्ठांची बनते. गोल भासणारे इंजिनाचे आवरणही प्रत्यक्षात अनेक सपाट तुकड्यांचे असते. तुकडे वाढविले की गोलाई सुधारते, पण संगणकावरील भार वाढतो. म्हणून डोळ्यांना जाणवणाऱ्या कडा प्रत्यक्ष घडवाव्यात आणि पत्र्यावरील रिव्हेट, ओरखडे व तेलाचे डाग पृष्ठभागावर चढविलेल्या चित्रात रंगवावेत. प्रत्येक रिव्हेट घडवू पाहणाऱ्याचे विमान बहुधा पूर्णच होत नाही.

त्यानंतर हलणारे भाग. पंखांच्या कडेला असलेल्या एलेरॉनपैकी एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो. शेपटीवरील एलिव्हेटर नाक वरखाली करतो, रडर ते डावीउजवीकडे वळवितो. प्रत्येक भागाचा बिजागरीचा अक्ष बरोबर हवा. तो चार बोटे सरकला तरी भाग विमानाच्या अंगात घुसताना दिसतो.

उड्डाण

येथवर तयार झाली ती केवळ मूर्ती. तिला उडवायचे तर दुसरी, न दिसणारी प्रतिकृती लागते, आणि ती आकड्यांची असते. रिकाम्या विमानाचे वजन सुमारे ७०० किलो, भरलेल्याचे १०१६ किलो. मधल्या तीनशेहून अधिक किलोंत माणसे आणि इंधन येते. ते वजन कोठे आहे यावर विमानाचा तोल ठरतो. पंखांची उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. इतर गोष्टी तशाच ठेवून वेग दुप्पट केला, तर उचल चौपट होते. उंचीबरोबर हवा विरळ होते, म्हणून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरचे उड्डाण मुंबईच्या उड्डाणासारखे होणार नाही.

‘एच.टी.-२’चे तिसरे चाक शेपटीखाली आहे. त्यामुळे जमिनीवर नाक वर राहते आणि समोरची धावपट्टी नीट दिसत नाही. मुख्य चाकांच्या मागे गुरुत्वमध्य असल्याने धावताना विमान एका बाजूला वळले, की ते वळण आपोआप वाढत जाते आणि पायाने रडर दाबून वेळीच आवरावे लागते. प्रतिकृतीतही हा हट्टीपणा उतरला पाहिजे. तो त्रासदायक म्हणून काढून टाकला, तर त्या काळचा विद्यार्थी काय शिकत होता हेच कळणार नाही.

आता खरी कसोटी. विमानाचा कमाल वेग ताशी सुमारे २०९ किलोमीटर. समजा, आपली प्रतिकृती २४० ने धावली. अशा वेळी इंजिनाची शक्ती गुपचूप कमी करून आकडा जुळविण्याचा मोह होतो. वेग जुळेल, पण मग विमान नीट चढणार नाही, कारण इंजिन १५५ अश्वशक्तीचेच होते याला पुरावा आहे. चूक हवेच्या विरोधाच्या अंदाजात असण्याचा संभव अधिक, म्हणून ती तेथेच शोधावी. ज्ञात सत्य मोडून हवा तो निष्कर्ष काढणे हा संगणकात जसा दोष आहे, तसाच तो इतिहासलेखनातही आहे.

विमानांच्या बाबतीत हा दोष आपल्याकडे अनोळखी नाही. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडाल्याची कथा आजही सांगितली जाते. तिला समकालीन, विश्वसनीय पुरावा नाही. प्राचीन म्हणून मिरविलेल्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाची १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तपासणी केली. हा मजकूर १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि त्यातील विमाने उडू शकत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच संस्थेत घाटगे यांनी विमानविद्या शिकविली होती. आपल्या परिसरातील माणसाने आखलेले, उडालेले आणि कागदोपत्री सिद्ध असलेले विमान असताना कल्पित विमानांचा अभिमान बाळगण्याची आपल्याला गरज काय ?

माजी विद्यार्थी व पालकांस विनंती

या अभ्यासातील एक साधन मात्र फार काळ टिकणारे नाही. ते म्हणजे माणसांची स्मृती. सातारा व सांगली जिल्ह्यांतील असंख्य घरांतून माणसे सैन्यात आणि हवाई दलात गेली. त्यांत या विमानाची दुरुस्ती केलेले तंत्रज्ञ असतील, त्यात बसलेले वैमानिक असतील. आज ते वृद्ध आहेत. इंजिन सुरू करताना आवाज कसा येई, कोणता खटका हाताला कडक लागे, थंडीत पहाटे काय करावे लागे, हे आराखड्यात सापडत नाही. अशी व्यक्ती आपल्या घरी, भावकीत किंवा गावात असेल, तर तिच्यापाशी बसावे, तारीख घालून तिचे सांगणे लिहून घ्यावे. जुनी वही, छायाचित्र, सेवापुस्तिका असल्यास तिची प्रत शाळेस द्यावी. आठवणीही तपासाव्या लागतात. पण तपासण्यासाठी त्या आधी नोंदलेल्या असाव्या लागतात.

कोयना प्रकल्पाच्या काळात बांधलेली धावपट्टी आपल्या कराडजवळच आहे. आपल्या मुलांनी घडविलेले ‘एच.टी.-२’ संगणकाच्या पडद्यावर त्या धावपट्टीवरून उडावे. त्याच्या प्रत्येक मापाशेजारी वहीत साधनाचे नाव लिहिलेले असावे, आणि जेथे साधन मिळाले नाही तेथे प्रामाणिकपणे ‘अंदाज’ असे लिहिलेले असावे.