नंबर कुणाकडे मागितलास?

पोरी, लॅपटॉपच्या कोपऱ्यात हिरवं ‘कनेक्टेड’ दिसलं की तू निर्धास्त होतेस. व्हीपीएन चालू आहे, आता शिरूरच्या आपल्या फायबरवाल्याला काही कळायचं नाही, असा तुझा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे. उरलेला अर्धा आत्याकडून ऐक, कारण तेच काम मी नोकरीत वर्षानुवर्षं केलंय. फक्त तेव्हा त्याला डीएनएस म्हणत नव्हते.

मी दौंडला ट्रंक ऑपरेटर होते. एसटीडी यायच्या आधी बाहेरगावी बोलायचं तर आमच्याकडे कॉल बुक करावा लागे. साधा, अर्जंट, नाहीतर लायटनिंग. कोणी मागितला, कुठला मागितला, किती वाजता, एवढं मी तिकिटावर लिहायची. लाइन जोडून दिली की बोलणं ऐकायची मुभा नव्हती आणि तेवढी उसंतही नव्हती. पण ऐकायची गरजच काय? कुणाच्या घरून रात्री-अपरात्री पुण्याच्या ससून रुग्णालयाचा नंबर मागितला जातोय, कुठला गुळाचा व्यापारी रोज सकाळी मार्केट यार्ड लावतोय, कोण अचानक वकिलाचा नंबर मागायला लागलंय, हे तिकिटांचा गठ्ठा चाळला तरी समजायचं. काय बोलले ते न ऐकताही गावाचं निम्मं दुखणं-खुपणं त्या गठ्ठ्यात होतं.

डीएनएसचं अगदी तसंच. तू साइटचं नाव टाइप करतेस, पण तिथं पोचायला लागतो आकडी पत्ता. म्हणून मशीन आधी कुणाला तरी विचारतं, या नावाचा पत्ता काय? पॉल मोकापेट्रिस या अमेरिकन माणसाने १९८३ साली ही पद्धत आखली. तेव्हा हा प्रश्न वाटेत कोणी वाचील अशी धास्ती कुणाला नव्हती. त्यामुळे प्रश्न उघडाच जायचा, ५३ नंबरच्या पोर्टवर, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तसाच जातो. नीट बसवलेलं व्हीपीएन बाकीच्या वाहतुकीसारखा हा प्रश्नसुद्धा आपल्याच बंद बोगद्यातून नेतं. तो बोगद्याबाहेर पडून नेहमीच्या नेट कंपनीच्या सर्व्हरकडे गेला, की झालं डीएनएस लीक. साइट उघडते, स्पीड असतो, हिरवा दिवाही असतो. काही बिघडलंय असं वाटतच नाही.

आता घाबरून लॅपटॉप बंद करू नकोस. लीक झालं म्हणून बँकेचा पासवर्ड जात नाही. तो साइटच्या स्वतःच्या कुलपात असतो. व्हीपीएन विकणारे ही भीती जरा जास्तच पिकवतात. जातात ती फक्त नावं. पण आपल्यासारख्या गावात नावंच महाग पडतात. फायबर टाकणारा पोरगा कुणाचा तरी चुलतभाऊ असतो. तो तुझी यादी उघडून बसतो असं मी म्हणत नाही, बहुतेकांना एवढा वेळ कुठाय. तरी तू नोकरी बदलायच्या साइटवर जातेस की कुठल्या डॉक्टरच्या, हे ज्याला सांगायचं नाही त्याला कळू नये, एवढी तुझी इच्छा रास्त आहे.

आधी तपास कर, मग उपाय. डीएनएसलीकटेस्ट डॉट कॉम नावाची साइट आहे. व्हीपीएन लावून ती उघड आणि ‘एक्स्टेंडेड टेस्ट’ दाब. ती तुझ्या ब्राउझरला अशी नावं विचारायला लावते की जी आजवर कुणी विचारलेलीच नाहीत. त्यामुळे उत्तर कुणाच्या साठ्यात तयार नसतं, प्रश्न त्या साइटच्या स्वतःच्या सर्व्हरपर्यंत जातोच, आणि तुझ्या वतीने विचारायला कोण आलं ते तिथं दिसतं. यादीत व्हीपीएन कंपनीचे किंवा तिने नेमलेले सर्व्हर आले तर ठीक. व्हीपीएनवर सिंगापूर निवडून तिथून बाहेर पडतेयस आणि यादीत आपल्याच नेट कंपनीचं नाव आलं, तर गळती. गूगल किंवा क्लाउडफ्लेअर दिसलं तर लगेच ओरडू नकोस. ते तू स्वतः किंवा ब्राउझरने लावलेलं असू शकतं आणि प्रश्न बोगद्यातूनच गेलेला असू शकतो. तेव्हा आधी ते कुणी लावलं ते शोध.

विंडोजची एक खोड माहीत असू दे. विंडोज ८ पासून त्याला घाई झालीय. वायफाय आणि व्हीपीएन अशा दोन जोडण्या असल्या की ते दोन्हीकडे प्रश्न टाकतं, आणि विंडोज १० पासून तर आधी येईल ते उत्तर उचलतं. घरचा फायबर जवळचा, त्यामुळे बाजी बहुतेकदा तोच मारतो. चांगली व्हीपीएन ॲप बाहेरचा रस्ता स्वतःच बंद करतात. सेटिंगमध्ये ‘डीएनएस लीक प्रोटेक्शन’ असं काहीतरी असतं. ओपनव्हीपीएनची फाइल हाताने लावणार असशील तर तिच्यात ‘ब्लॉक-आउटसाइड-डीएनएस’ ही एक ओळ हवी. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग, जागा सोडून तिरपी रेघ आणि ऑल असं टाइप केलंस की प्रत्येक जोडणीसमोर तिचे डीएनएस सर्व्हर दिसतात. वायफायच्या समोर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल, तो आपला राउटर. तो तिथं दिसतो म्हणजे लीक आहेच असं नाही, पण बाहेर जायला दुसरा दरवाजा आहे एवढं नक्की.

पुष्कळ जण राउटरमध्ये जाऊन ८.८.८.८ टाकतात आणि समजतात, झालं काम. खात्यात शेवटची वर्षं मी ब्रॉडबँडच्या तक्रारी घेत होते, तेव्हा हा आकडा आम्हीच लोकांना सांगायचो. ‘नेट चालू आहे पण साइट उघडत नाही’ या तक्रारीवर तो रामबाण होता आणि आहे. लीकवर मात्र त्याचा उपयोग नाही. उत्तर देणारा बदलतो, प्रश्न बोगद्याबाहेरच राहतो, आणि वाटेतल्या फायबरवाल्याला तो उघडाच दिसतो.

दुसरं भोक आयपीव्ही६ चं. जुन्या ३२ बिटांच्या पत्त्यांची चणचण झाली म्हणून १२८ बिटांचे नवे आले, आणि भारतातलं मोबाइल नेट, विशेषतः जिओ, मोठ्या प्रमाणावर त्यावरच चालतं. काही व्हीपीएन मात्र फक्त जुने पत्ते बोगद्यात घेतात. नवीन वाट मोकळीच राहते आणि प्रश्न तिथून निघून जातात. फायबर सोडून मोबाइलचा हॉटस्पॉट लावलास की टेस्ट पुन्हा कर, ती यासाठी. व्हीपीएन आयपीव्ही६ नेत नसेल आणि अडवतही नसेल, तर लॅपटॉपवर वायफायच्या प्रॉपर्टीजमधली त्याची खूण काढून टाक. फोनवर मात्र हा खटाटोप करू नकोस, तिथं ॲपच बदल.

आणि आपल्याकडची खरी गंमत विजेची. लाइट गेली की राउटर बंद, इन्व्हर्टर उचलेपर्यंत दोन क्षण जातात, राउटर पुन्हा सुरू होतो, लॅपटॉप वायफाय पकडतो, आणि व्हीपीएन त्यानंतर सावकाश जागं होतं. मधल्या वेळात उघड्या असलेल्या सगळ्या टॅब आपापले पत्ते विचारून मोकळ्या होतात. यावर उपाय म्हणजे किल स्विच. बोगदा नसेल तर नेटच नाही. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या व्हीपीएनच्या पानावर गिअरच्या खुणेत ‘ऑल्वेज-ऑन व्हीपीएन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ अशी दोन बटणं आहेत. दोन्ही लाव, एकटं पहिलं पुरत नाही. तेही शंभर टक्के नाही बरं का. मे २०२४ मध्ये मुलवाड या स्वीडिश व्हीपीएन कंपनीनेच जाहीर केलं, की व्हीपीएन ॲप मध्येच कोलमडलं किंवा सर्व्हर बदलत असलं तर ही बटणं लावूनही अँड्रॉइडमधून काही प्रश्न बाहेर पडू शकतात. म्हणून फोनचं सॉफ्टवेअर ताजं ठेव आणि उगाच दर पाच मिनिटांनी सर्व्हर बदलत बसू नकोस.

स्प्लिट टनेलिंग, म्हणजे काही ॲप बोगद्यातून आणि काही बाहेरून, ही सोय मोहाची आहे. भारतीय बँकेचं ॲप परदेशी पत्त्यावर कुरकुर करतं, म्हणून लोक ते बाहेर काढतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सप्रेसव्हीपीएनने कबूल केलं, की त्यांच्या विंडोजच्या काही आवृत्त्यांत हीच सोय वापरणाऱ्यांचे डीएनएस प्रश्न नेट कंपनीकडे जात होते. त्यातली पहिली आवृत्ती बाजारात आल्यावर जवळजवळ दोन वर्षांनी एका पत्रकाराच्या ते लक्षात आलं. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे, तर फुकटच्या ॲपचं काय बोलायचं! बँकेच्या कामाला मी सरळ व्हीपीएन बंद करते, काम उरकते, पुन्हा लावते.

दौंड स्टेशनवर गाडीची वाट बघताना लॅपटॉप फुकटच्या वायफायला जोडलास तर हेही लक्षात ठेव. अनोळखी वायफाय चालवणारा तुझ्या मशीनला वाटांची यादी देऊ शकतो, आणि त्या यादीने वाहतूक बोगद्याशेजारून वळवता येते. २०२४ मध्ये हे दाखवणाऱ्यांनी त्याला टनेलव्हिजन नाव दिलं. अँड्रॉइड त्या यादीकडे बघतच नाही, म्हणून स्टेशनवर फोनचंच नेट वापरावं, लॅपटॉपलाही तेच द्यावं.

सगळी भोकं बुजवलीस तरी प्रश्न कुणाकडे तरी जाणारच, आता तो व्हीपीएन कंपनीकडे जातो. ऑपरेटर बदलला, नाहीसा झाला नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने हुकूम काढला, की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची नाव-पत्त्यासकट माहिती पाच वर्षं जपायची. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. आता त्यांच्या यादीत ‘इंडिया’ दिसलं तरी मशीन बहुधा सिंगापुरात किंवा आणखी कुठे असतं. आपल्याकडे व्हीपीएन वापरणं सर्वसाधारणपणे बेकायदा नाही. पण कुणावर भरवसा टाकतेयस ते बघून टाक, आणि पैसे न घेणारा आपलं पोट कशावर भरतो हेही विचार.

राहिला तुझ्या खराडीच्या ऑफिसचा लॅपटॉप. यातलं काहीही त्यावर करायचं नाही. कंपनीच्या व्हीपीएनमध्ये आतली नावं कंपनीच्या सर्व्हरला आणि बाहेरची नावं घरच्या नेटला, अशी वाटणी मुद्दाम केलेली असू शकते. तिथं यादीत आपला फायबरवाला दिसला तरी चूक असेलच असं नाही. पगारपत्रकाच्या सर्व्हरसारखं आतलं नाव बाहेर जाताना दिसलं तर मात्र आयटीवाल्यांना तिकीट टाक, आयपीकॉन्फिगचा स्क्रीनशॉट जोड, आणि तेव्हा फायबर चालू होता की हॉटस्पॉट, ते लिही. पहिला प्रश्न ते तोच विचारतील.