गाउट : कारणे आणि लक्षणे

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा मध्यरात्री एकाएकी ठणकू लागतो. काही तासांतच तो लाल होतो, सुजतो, हातास गरम लागतो. अंगावरील चादरीचा भारही रुग्णास सोसवत नाही. आदल्या सायंकाळी हाच मनुष्य निर्वेध हिंडतफिरत होता. हे गाउट या रोगाचे नेहमीचे चित्र होय.

चरकसंहितेत वर्णिलेला वातरक्त हा रोग याच्याशी बराच जुळतो. त्याचेच एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे धनिकांचा वात, असे आहे. युरोपातही हा चैनी व खादाड लोकांचा रोग मानला जाई. या समजुतीमुळे रुग्णाच्या वाट्यास दुखण्याबरोबर दोषही येतो. तो कितपत खरा आहे, हे रोगाचे कारण पाहिल्यावर कळेल.

कारणे

शरीरातील पेशी सतत मोडत व नव्याने घडत असतात. त्यांतील प्यूरिन नामक द्रव्यांचे विघटन होऊन शेवटी यूरिक अम्ल बनते. अन्नातील प्यूरिनांचीही हीच गती होते. परंतु अन्नाचा वाटा त्या मानाने लहान असतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज हे एंझाइम या अम्लाचे सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. मनुष्यात उत्क्रांतीच्या ओघात ते कार्यक्षम राहिले नाही. म्हणून हे अम्ल तसेच बाहेर टाकावे लागते : सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांवाटे, उरलेले आतड्यांवाटे. बहुसंख्य रुग्णांत उणीव असते ती या उत्सर्जनात, आणि ती पुष्कळदा आनुवंशिक असते. मूत्रपिंडाचे विकार, स्थूलता, मद्य व लघवी वाढविणारी काही औषधे तीत भर घालतात.

१०० घन सेंटिमीटर रक्तद्रवात सुमारे ७ मिलिग्रॅमपर्यंत यूरिक अम्ल विरघळून राहू शकते. त्याहून ते वाढले, की दोऱ्यावर खडीसाखर जमावी तसे त्याच्या लवणाचे स्फटिक सांध्यांत जमू लागतात. शरीराच्या मध्यभागापेक्षा पाय थंड असतात आणि थंडीत विद्राव्यता घटते. अंगठा प्रथम का धरतो, याचे हे एक कारण होय.

इंग्रज वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये रुग्णांच्या रक्तात हे अम्ल अधिक असल्याचे दाखविले. पुढे त्यांनी एक सोपी परीक्षा योजिली. रक्तद्रवात थोडे अॅसेटिक अम्ल घालून त्यात धागा ठेवावयाचा. यूरिक अम्ल अधिक असल्यास धाग्यावर स्फटिक जमत. १९६१ मध्ये अमेरिकेत मॅकार्टी व हॉलंडर यांनी सांध्यातील द्रवातच ध्रुवित प्रकाशाने हे स्फटिक दाखविले. रक्तातील पांढऱ्या पेशी ते गिळू पाहतात, आणि त्यातूनच दाह भडकतो.

लक्षणे

वेदना बहुधा एका दिवसात शिखरास पोहोचते आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. पुढे कित्येक महिने काहीच जाणवत नाही. हेच फसवे आहे. कारण स्फटिक तेथेच असतात. उपचार न झाल्यास झटके वारंवार येतात, कानाची पाळी, कोपर व बोटे यांवर खडूसारख्या द्रव्याच्या गाठी येतात आणि मूतखडेही होऊ शकतात. स्त्रियांत रजोनिवृत्तीपूर्वी हा रोग विरळा असतो.

केवळ रक्तपरीक्षेवर निदान करू नये. यूरिक अम्ल वाढलेल्या पुष्कळांना गाउट होत नाही, तर ऐन झटक्यात ते प्रमाण कधीकधी नेहमीइतकेच आढळते. सांध्याच्या दाहाबरोबर ताप असल्यास जंतुसंसर्गाची शंका घेऊन तत्काळ वैद्यास दाखवावे.

आपल्याकडे या रोगाचे नाव निघताच घरातील डाळ बंद केली जाते. तथापि डाळी व पालेभाज्या यांमुळे गाउटचा संभव वाढत असल्याचे मोठ्या पाहण्यांत आढळलेले नाही. यकृतादी अवयवांचे मांस, काही मासे, बिअर व साखरेची पेये यांनी मात्र तो वाढतो. पथ्य उपयुक्त खरे, परंतु बहुधा ते एकटे पुरत नाही. औषधाने रक्तातील प्रमाण ६ मिलिग्रॅमच्या खाली दीर्घकाळ राखल्यास साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. तात्पर्य, हा पापाचा वा संपत्तीचा रोग नसून विद्राव्यतेचा आहे. लाजेपायी तो लपविणाऱ्याचे सांधे मात्र विनाकारण झिजतात.