प्रायश्चित्तकाळ, मनाची चिंता आणि उपचार



आपल्या जिंतूर भागात प्रायश्चित्तकाळ येतो तो नेमका काळजीच्या दिवसांत. तूर-हरभरा घरात आला तरी भावाची खात्री नसते. बँकेचा मार्चअखेर तोंडावर असतो. मुलांची दहावी-बारावीची परीक्षा असते. अशा वेळी कुणाची झोप उडते, कुणाच्या छातीत धडधडते, कुणाला घास जात नाही. मग मनात येते, 'माझीच श्रद्धा कमी पडली, उपवास वाढवला पाहिजे.' चालू असलेल्या गोळ्याही प्रभूवरच्या भरवशाने चाळीस दिवस बंद कराव्यात, असेही काहींना वाटते. आजच्या पाठात आपण या समजुतीचा विचार करू.

1. चिंता हे पाप आहे का?

पाप म्हणजे जाणूनबुजून, स्वतःच्या इच्छेने केलेले वाईट. रात्री दोन वाजता दचकून येणारी जाग कोणी इच्छेने आणत नाही. जेथे इच्छा नाही तेथे पाप नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडला (लूक 22:44). प्रभू तर निष्पाप होता. त्या रात्री त्याने पित्याची प्रार्थना केली, तसेच तिघा शिष्यांना जवळ थांबायलाही सांगितले. म्हणजे प्रार्थना करणे आणि माणसाची सोबत मागणे, या दोन्ही गोष्टी प्रभूनेच केल्या. डोंगरावरील प्रवचनात तो उद्याची चिंता करू नका असे सांगतो, ते पित्यावर भरवसा ठेवण्याचे आमंत्रण आहे. आजारी माणसावर ठेवलेला तो ठपका नव्हे.

2. संत इग्नेशियसचा उपवास

1522 साली संत इग्नेशियस लोयोला स्पेनमधील मान्रेसा येथे राहत होते. त्यांनी सविस्तर पापनिवेदन केले होते. तरीही एखादे पाप सांगायचे राहिले असेल, या संशयाने त्यांना ग्रासले. जीव देण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊ लागला. शेवटी देव शांती देईपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, असे त्यांनी ठरवले आणि आठवडाभर उपाशी राहिले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना हे कळताच त्यांनी उपवास सोडण्याची आज्ञा दिली. इग्नेशियसनी ती पाळली. त्रास एकदम गेला नाही, परंतु पुढे क्षमा झालेली पापे पुन्हा सांगायची नाहीत असा निश्चय त्यांनी केला आणि ते त्या संशयातून सुटले. उपवास हे पश्चात्तापाचे साधन आहे. व्याकूळ मनाला ते औषध म्हणून लागू पडेलच असे नाही.

3. वैद्यही देवाचाच

सिराकच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय जरूर वाचावा. आजारपणात प्रभूची प्रार्थना करा, आणि वैद्यालाही जागा द्या, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले आहे, असे तेथे सांगितले आहे. समुपदेशक आपल्या श्रद्धेची परीक्षा घेत नाही. कोणती भीती वाटते, तिला आधार किती, त्यातले आपल्या हातात काय आहे, हे तो आपल्याकडूनच काढून घेतो आणि लहान लहान पावले टाकायला शिकवतो. दिवंगत पोप फ्रान्सिस बेचाळीस वर्षांचे असताना सहा महिने दर आठवड्याला एका मनोविश्लेषक बाईंकडे जात होते. हे त्यांनी स्वतःच 2017 साली सांगितले. मग आपण का लाजावे?

4. या चाळीस दिवसांत

• गोळी ही त्याग करण्याची वस्तू नव्हे. अशा औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. डॉक्टरांना न विचारता ती एकदम बंद केल्यास त्रास वाढतो.

• उपवासाचे बंधन राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार या दोनच दिवशी, 18 ते 59 वयाच्या श्रद्धावंतांना आहे. आजारी माणसाला ते नाही.

• दोन-तीन आठवडे झोप नसेल, कामात मन लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी शासनाने 2015 साली परभणीसह चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. 'टेलि-मानस'च्या 14416 या क्रमांकावर केव्हाही, मोफत आणि मराठीत बोलता येते.

• कोणी जगणे नको असे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. दटावू नका, पाप-पाप म्हणू नका. जवळ बसा, ऐका, फवारणीचे औषध घरातून हलवा आणि त्याला दवाखान्यात घेऊन जा. ज्या घरात असे दुःख घडले आहे, त्या घराकडे बोट दाखवू नका. तीव्र मानसिक यातना माणसाची जबाबदारी कमी करू शकतात, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते. अशा मृतांसाठी ख्रिस्तसभा प्रार्थना करते.

क्रुसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी शिमोन कुरेनेकर प्रभूचा क्रूस उचलतो. देवाच्या पुत्राने मदत नाकारली नाही.

चिंतनासाठी: माझा क्रूस उचलू लागायला मी कोणाला हाक मारीन? आणि माझ्या गल्लीत कोण माझी वाट पाहत आहे?

प्रभू आपणा सर्वांना शांती देवो.

– आपले धर्मगुरू