पात्रात शिरलेला मुलगा

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा 'स्कायरिम' हा व्हिडिओ गेम खेळताना शिकारी होतो. मग तासन्‌तास पायीच चालतो, पात्राला भूक लागली की आधी जेवण शोधतो. त्याला खरं-खोटं कळेनासं झालंय का?
– एक आई, देऊळघाट (जि. बुलढाणा)

उत्तर : ताई, घाबरू नका. बहुरूपी पोलिसाचं सोंग आणतो तेव्हा आपण कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मुलालाही आहे. २०११ साली आलेल्या या खेळात 'सर्व्हायव्हल' प्रकार निवडला की भूक, थंडी, थकवा मोजला जातो, 'फास्ट ट्रॅव्हल' (नकाशावरून एका क्षणात दुसरीकडे पोहोचणं) बंद होतो. म्हणजे तो नियमच पाळतोय, आणि त्यातच खरी रंगत आहे! त्याच्या शिकाऱ्याची गोष्ट त्याला विचारा, तो भरभरून सांगेल. खेळायची वेळ मात्र दोघांनी मिळून ठरवा. झोप, अभ्यास, मित्र सुटले आणि तरीही महिनोन्‌महिने खेळ आवरत नसेल, तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.