नाण्यावरचे साल खरे मानावे काय?

मुलांनो, बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे चालणाऱ्या रुपयाला ‘हाली’ म्हणत. १९०३ च्या सुमारास या रुपयावर चारमिनार आला. त्याच्या दारात एक फारसी अक्षर दिसते. मीर महबूब अलींच्या नाण्यांवर ‘मीम’, तर मीर उस्मान अलींच्या नाण्यांवर ‘ऐन’. हे ‘ऐन’ आरंभी आखूड होते, पुढे पूर्ण काढले गेले. एवढासा बदल, पण त्यासाठीही पोलादाचा नवा ठसा लागतो.

नवे चित्र उठून दिसते का, धातू ठशाच्या खाचांत नीट भरतो का, हे पाहण्यासाठी टांकसाळ आधी मोजकी नाणी पाडून बघते. ही नमुना नाणी. स्वतंत्र भारताची नाणी चलनात आली १५ ऑगस्ट १९५० रोजी, पण १९४९ साल घातलेले नमुने आढळतात. ते दुर्मिळ, म्हणून महाग.

घोटाळा पुढे आहे. ठसे टांकसाळीत जपून ठेवलेले असतात. कलकत्ता व मुंबई येथील टांकसाळींनी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी पुन्हा नाणी पाडली. चौथ्या विल्यमची १८३५ सालची दोन मोहरांची नाणी अशीच कित्येक वर्षांनी पुन्हा पाडलेली मिळतात. ती खोटी नव्हेत, पण त्यांच्यावरचे साल ती पाडल्याचे साल नव्हे! मूळ समजून ती घेणारा चांगलाच फसतो.

येथे तराजू कामाला येत नाही. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के. उरलेले तांबे धरले तर पाण्यात बुडवून तोलल्यावर वजन सुमारे १.१ ग्रॅमने कमी भरावे. शिशाची भेसळ अशी पकडता येईल. पण पुन्हा पाडलेल्या नाण्यात धातूही तोच असतो.

मग साक्ष कोणाची? ठशाची. पडून राहिलेला ठसा गंजतो व त्याला बारीक खड्डे पडतात. ठशावरचा खड्डा नाण्यावर उंचवटा होऊन उमटतो. गंज घासून काढला की ठशातील उथळ रेषा पुसट होतात. ठशाला तडा गेला तर नाण्यावर उंच रेघ येते. एकाच ठशाच्या दोन नाण्यांपैकी एकावर ती रेघ असेल, तर रेघ नसलेले नाणे बहुधा आधीचे.

घरी जुना रुपया असेल तर तो भिंगाखाली पाहा, मात्र चिंचेने किंवा राखेने घासू नका. वाचायच्या खुणाच त्याने नाहीशा होतात.