गावाचं एकच काम धर

चि. सोनू यास,


जूनपासून तुम्ही चौघं मुर्ध्याला राहायला येताय म्हटल्यावर तुझ्या मामीनं माळ्यावरची भांडी खाली काढली. तू मात्र परवा फोनवर एका दमात सगळं सांगून टाकलंस. थोरलीला इथल्या अनुदानित मराठी शाळेत घालणार, शाळेच्या समितीत जाणार, आणि गावाचा रस्ता, खाडी, कचरा यांसाठी जे कोणी धडपडतायत त्यांच्यातही उतरणार. अंधेरीची नोकरी आहेच. मागून सूनबाई नुसतं ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’साठी हे पत्र.

आधी वेळेचं बोलू. आपल्या गावातून भाईंदर स्टेशन तसं जवळ, पण रस्ता एकच. उत्तन, डोंगरी, मोर्वा, राई आणि आपण, सगळ्यांच्या बस, रिक्षा, दुचाक्या त्याच रस्त्यावर, आणि शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर नेणाऱ्या गाड्याही त्याच रस्त्यावर. एक गाडी आडवी झाली की सगळा हिशेब कोलमडतो. मग स्टेशन. विरारहून खच्चून आलेल्या गाडीत पाय ठेवायला मिळत नाही, म्हणून इथली माणसं भाईंदरहूनच सुटणारी लोकल धरतात आणि त्या गाडीच्या वेळेवर अख्ख्या घराचं घड्याळ लावतात. तेव्हा घरी ‘सातपर्यंत येतो’ असं सांगू नकोस. आठ सांग. पोरं दाराकडे डोळे लावून बसतात, आणि बापाचा शब्द पहिल्यांदा खोटा ठरतो तो इथंच.

शिवाय सूनबाई नर्स आहे. तिची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात तुझी कुठलीही बैठक नाही, हा नियम घरात आधी ठरवून टाक. रविवारी जेवताना दोघांनी मिळून पुढच्या आठवड्याच्या पाळ्या कॅलेंडरवर लिहायच्या आणि उरलेल्या जागेत गाव बसवायचं. आमच्याकडे बहुतेकांनी हे उलटं केलं. गावात मंडळं झाली, संघर्ष समित्या झाल्या, रात्री दहाला सुरू झालेली बैठक बारापर्यंत चालायची. कार्यकर्ता म्हणून नाव पुरुषाचं व्हायचं. त्याच रात्री पोराला ताप चढला तर टेंभ्याच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा शोधायची ती त्याच्या बायकोनं. त्या माणसांनी गावासाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही, पुष्कळ केलं. पण त्यातले निम्मे तास त्यांनी बायकोच्या खात्यातून काढले, आणि सत्काराची शाल एकट्यानं घेतली. तू तसं करू नयेस एवढंच मला सांगायचंय.

तू मृणालताई गोऱ्यांचं नाव घेतलंस. ‘त्यांनी नाही का सगळं सांभाळलं?’ म्हणालास. सांभाळलं खरं, पण कसं ते बघ. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी अर्ध्यावर सोडलं. 1958 मध्ये नवरा गेला, मुलगी लहान. 1961 मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून आल्या आणि गोरेगावच्या पाण्याचा प्रश्न धरला. इतका घट्ट धरला की लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. पुढे 1972 मध्ये अहिल्याताई रांगणेकरांसारख्या बायकांबरोबर महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, 1977 मध्ये लोकसभेत गेल्या. पण सुरुवात नळापासून. घरातल्या बाईला जे रोज जाचतं तेच त्यांनी महापालिकेत नेऊन मांडलं, त्यामुळं घर आणि गाव असे दोन वेगळे जमाखर्च त्यांना ठेवावे लागले नाहीत. तू जी यादी मला वाचून दाखवलीस, तिच्यात तुझ्या घराला रोज लागणारं काम कोणतं? माझ्या मते शाळा. बाकीचं दोन वर्षं राहू दे.

शाळेच्या समितीत जायचंच तर नुसतं झेंडावंदनाला उभं राहायला जाऊ नकोस. शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे 2009 च्या कायद्यानं, सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया. आता तूच विचार कर, तुमच्या घरातून समितीत कोणी जावं? मला विचारशील तर सूनबाईनं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, पोषण आहाराची खिचडी कशी शिजते, हे ती आत जाऊन डोळ्यानं बघेल. तू अहवाल वाचशील. ती गेली तर त्या संध्याकाळी स्वयंपाक आणि धाकटा तुझ्याकडे. हीसुद्धा समाजसेवाच. फोटो निघत नाही एवढंच.

धाकट्याचं काय, हेही तू विचारलंस. तुझ्या कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर कायद्याप्रमाणे तिथं पाळणाघराची सोय हवी, ती मागायला लाजू नकोस. मागितल्याशिवाय अशा सोयी होत नाहीत. पण सकाळच्या लोकलमधून दोन वर्षांचं पोर अंधेरीपर्यंत न्यायची कल्पना ज्याला सुचली, तो त्या वेळी गाडीत चढलेला नसावा. तुझ्या पोराला मामी सांभाळेल. फक्त तिला गृहीत धरू नका. तिचीही भजनाची दुपार असते. ती दुपार कॅलेंडरवर तुमच्या पाळ्यांच्या शेजारी लिहा.

गावकीच्या कामाबद्दल एक गोष्ट मनात आहे, ती सांगून टाकतो. मेट्रोची कारशेड राई, मुर्धा, मोर्व्याच्या जमिनीवर येणार म्हणाले, तेव्हा गावं एकवटली, हरकती गेल्या, मोर्चे झाले. बेत हलला. पण हलला तो डोंगरीकडे, आणि तिथं झाडांचा प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डोंगरीसाठी मात्र आपल्यातले मोजकेच बोलले. कचऱ्याचंही तेच. आपल्या दारावरून गाडी पुढे गेली की आपल्यापुरता विषय संपतो, वास उत्तनकरांनी घ्यायचा. म्हणून पुढे कधी या कामात उतरलास, तर ‘आमच्याकडे नको’ म्हणणाऱ्यांत उतरू नकोस. ओला-सुका कचरा घरात वेगळा ठेव, ती सुरुवात पुरेशी आहे आणि तिला बैठक लागत नाही. मिठागरांचं आणि तिवरांचं पुढे काय होणार, हा मोठा विषय आहे. त्याला वेळ आणि कागद वाचायची चिकाटी लागते. नोकरी करणाऱ्या बापानं त्यात शनिवारचे दोन तास द्यावेत, जास्त नको. दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचा, उत्तराला तीस दिवस असतात. ते तीस दिवस पोरांचे.

आणि मतदार यादी. इथली महापालिकेची निवडणूक 2017 नंतर थेट 2026 च्या जानेवारीत झाली. मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. तेव्हा गटाराचं झाकण हरवलं तरी कुणाच्या दारात जायचं हे लोकांना कळेना. नाव जुन्याच पत्त्यावर पडून राहिलं तर पुढच्या खेपेला तू इथला असून नसल्यासारखा. बिऱ्हाड हलवलं की फॉर्म 8 भरायचा, तुम्हा दोघांचाही. ‘तिचं नंतर बघू’ असं करू नकोस.

शाळेच्या समितीवाल्यांना लगेच हो म्हणू नकोस, नाहीही नको. गणपतीनंतर सांगतो म्हण. तोवर घराची घडी बसेल. हे पत्र सूनबाईलाही वाचायला दे, आणि तिचं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळं निघालं तर माझं सोडून तिचं धर.

तुझा,
मामा