कायम नाही, म्हणून बाळंतपणाची रजा नाही?

प्रश्न : माहीमच्या एका कपड्यांच्या दुकानात मी दीड वर्ष काम करते. आम्ही बारा जण आहोत. मला पाचवा महिना आहे, पहिलंच बाळंतपण. शेठ म्हणतात, ‘तू कायम नाहीस, भरपगारी रजा मिळणार नाही.’ हे खरं आहे का?
– एक वाचक, माहीम

उत्तर : ताई, हे खरं नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानाला मातृत्व लाभाचा कायदा लागू होतो. रोजंदारीवरील स्त्रियांनाही हा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच दिला. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असलं की पुरे. पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा मिळते. त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येते.

पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल, तर हा लाभ शेठकडून नव्हे, ईएसआयकडून मिळेल. नसेल, तर डॉक्टरांचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हजेरी व पगाराचे पुरावे जपा. कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही मुळीच करू नका. गरोदरपणामुळे काढून टाकलं, तर 60 दिवसांच्या आत कामगार विभागाकडे दाद मागा. निर्धास्त राहा, कायदा तुमच्या बाजूने आहे.